टेकडीची पलीकडची बाजू

बाईंनी चित्राच्या कोपऱ्याला बोट लावलं, बोट खिडकीच्या उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "वाळलं की हो."

पेंटर हातात चहाचे दोन कप घेऊन ओट्यापाशी तसाच उभा राहिला. चित्र केव्हाच वाळलं होतं. पण बाई दर गुरुवारी येऊन विचारायच्या, "आज नेऊ का?" आणि तो चित्राकडे न बघताच म्हणायचा, "ओलं आहे अजून. पुढच्या गुरुवारी बघू."

"रंग पाण्यात कालवता, ब्रश पाण्यानेच धुता," बाई म्हणाल्या, "आणि वाळायला मात्र इतके दिवस. मला वाटलं, असेल बाबा काहीतरी."

"पाणी लगेच उडून जातं. तेल मागे राहतं. ते आपल्या सवडीनं वाळतं."

हे काही खोटं नव्हतं. फक्त तेलाला एवढी सवड लागली नव्हती.

पेंटरचा उभा जन्म फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवण्यात गेला होता. तळं, कमान, मागे गुलाबी ढग. त्यापुढे खुर्चीत बसून लोक फोटो काढून घ्यायचे. पुढे पडदे गेले, स्टुडिओ गेले, आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासानं छातीत बसलेला खोकला तेवढा राहिला. डॉक्टरांनी टर्पेंटाइन घरात आणायचं नाही म्हणून दटावलं, तेव्हापासून तो पाण्यात मिसळणारे हे तैलरंग वापरायचा. खोलीला आता कसलाच वास नव्हता. कोणी यायचंही नाही.

आणि मग गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या या बाई जिना चढून आल्या. माहेरच्या घरामागची टेकडी काढून हवी होती. फोटो नव्हता. टेकडीही नव्हती, खाणवाल्यांनी ती फोडली आणि ती खडी होऊन रस्त्यांखाली गेली. म्हणून बाई स्टुलावर बसून सांगायच्या आणि पेंटर काढायचा. चुका काढण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. "अहो पेंटर, ही टेकडी आहे की उशी? अभ्रा तेवढा घालायचा राहिलाय. उताराला जरा चुण्या पाडा." तो ओल्या फडक्यानं उतार पुसायचा आणि नव्यानं काढायचा. असं हसणं त्या खोलीत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आज त्यांनी पिशवीतून जुनी चादर काढली आणि पलंगावर पसरली.

"उद्या मुलगा येतोय न्यायला," त्या म्हणाल्या. "मशीन कालच एकीला देऊन टाकलं. डोळे आता सुईला दाद देत नाहीत, आणि तो म्हणतो, आई, एकटी कशाला राहतेस."

पेंटरनं कप खाली ठेवले. "बरोबर आहे त्याचं."

"बरोबरच आहे."

"लांब आहे का घर?"

"लांबच म्हणायचं. विमानानं जायचंय."

बाईंनी चहा घेतला. कप विसळून पालथा घातला. मग चित्रासमोर उभ्या राहून डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. पेंटर मागे उभा होता. त्यांनी निदान एक झुडूप तरी चुकलं म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

"काही राहिलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. सगळं जिथल्या तिथं आहे."

दोघांनी मिळून चित्र चादरीत गुंडाळलं. बाईंनी कोपरे दुमडून अशी गाठ मारली, की हिसका दिला तरी सुटू नये. त्या गाठीकडे बघताना पेंटरला एकदम सुचलं.

"टेकडीच्या पलीकडे काय होतं?"

बाई थबकल्या. "पलीकडे?"

"हो. तुम्ही मला अलीकडचंच सांगितलंत."

"पलीकडे मी कधी गेलेच नाही," त्या म्हणाल्या. आपल्यालाच हे आत्ता कळल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "वर चढायची, की लगेच खालून आईची हाक यायची. वाटायचं, मोठी झाले की जाईन. मोठी झाले तर लग्न करून दिलं."

"मी येतो चित्र घेऊन खाली."

"नको. हलकं आहे. तुम्ही कुठं खोकत जिना चढ-उतर करता."

दारात त्या वळल्या. "येते," म्हणाल्या. पेंटर दाराशी उभा राहिला. चित्र काखेत घेऊन, कठडा धरत, पायरीपायरीला थांबत त्या उतरत गेल्या आणि खालचं दार लागल्याचा आवाज झाला.

आत आल्यावर त्यानं स्टूल भिंतीकडे सरकवलं. थोड्या वेळानं परत होतं तिथं आणून ठेवलं. मग चित्र ठेवायच्या लाकडी घोड्यावर कोरा कॅनव्हास लावला, ट्यूबमधून हिरवा आणि मातकट रंग पिळला, पाण्याचे थेंब टाकून कालवला.

माथ्याची रेघ त्याला पाठ होती. ती त्यानं पलीकडून दिसेल तशी उलटी काढली, डावीकडची उजवीकडे. त्याखाली उतार सोडला. आता तिथं रान असावं, की शेतं, की एखादी नदी, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. ब्रश उतारावर टेकवून तो थांबून राहिला. काहीही काढलं तरी ते चुकलं म्हणणारं कोणी नव्हतं.