पडद्याची शिवण

"'आणि' गाळलात," कटकटेबाबा म्हणाले. "पुन्हा वाचा."

शिवणबाईंनी शास्त्रपाठातलं तेच वचन तिसऱ्यांदा वाचलं. बाबांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. पायांनी साथ सोडून ते खाटेला खिळले, तरी चुका काढायची खोड काही गेली नव्हती. त्यांनाच वाचायला सांगावं, तर चष्मा दर गुरुवारी नेमका हरवलेला.

"आता बरोबर. पण एवढ्या घाईत कशाला? गाडी गाठायचीय?"

बाईंनी मनातल्या मनात देवाकडे धीर मागितला. हल्ली त्यांना तो तासातून तीनदा मागावा लागे.

पाच महिन्यांपूर्वी चर्चच्या पाळकांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "दर गुरुवारी चार वाजता बाबांकडे तासभर बसाल का? काम धीराचं आहे. मंडळीत दुसऱ्या कुणाला जमलं नाही."

बाईंना फार बरं वाटलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही मागितलंच नव्हतं. गायनमंडळातल्या लोकांना सूर नव्हता आणि सांगितलेलं ऐकायची तयारी नव्हती, म्हणून ते बाईंनी सोडलं. वेदीवरच्या कापडाची शिवण वाकडी आहे असं तोंडावर सांगितल्यापासून महिलांची बैठक कधी भरते तेच कळेनासं झालं. पाळकीणबाई भल्या होत्या, पण बाई बोलायला लागल्या की त्यांना गॅसवरचं दूध आठवायचं. घरात शिलाई मशीन झाकलेलं होतं आणि भिंती काही बोलत नव्हत्या. आठवड्यात गुरुवार तेवढा हक्काचा होता. त्याच्या जोरावर बाई हा माणूस सोसत होत्या.

"चहा आहे की काढा?" बाबांनी कप बाजूला ठेवला. "आणि तो पडदा बघा. तुमची शिवण पुन्हा उसवली."

खाटेलगतच्या खिडकीच्या पडद्याची खालची दुमड हातभर लोंबत होती. तीस वर्षांत बाईंच्या हातची शिवण कधी उसवली नव्हती, आणि या घरात ही चौथी वेळ.

"दोरा कुजका असणार," बाई म्हणाल्या. "तुमच्याच घरातला आहे."

"मग तुमच्या घरचा आणा. नाहीतर पडदाच घरी न्या आणि मशीनवर मारा टीप."

"मशीन बंद आहे."

"बिघडलंय?"

"झाकलंय."

बाबा हुंकारले. मग खाटेवरूनच म्हणाले, "तुमच्या डाव्या बाहीचं बटण लोंबतंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

सुईत दोरा ओवून बाई खिडकीपाशी बसल्या. हात कामाला लागले की त्यांचं तोंडही सुरू व्हायचं, आणि तोंड सुरू झालं की ते फिरून फिरून नवऱ्यापाशीच यायचं.

"त्या बुधवारी सकाळी ह्यांनी चहा मागितला. मी म्हटलं, एवढी बाही लावते आणि देते."

"मागच्या खेपेला मंगळवार म्हणालात."

सुई थांबली. "मंगळवारच."

"मग? पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचंय! मी बाही लावली. नीट लागली नाही म्हणून उसवून पुन्हा लावली. मग चहा घेऊन गेले, तर मान कलंडलेली. मी पहिल्या हाकेला उठले असते तर..."

दोन वर्षांत त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. आज पडद्यात तोंड लपवून हुंदके देत राहिल्या. बाबांनी घसा खाकरला.

"टाका तिरका पडलाय," ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. मग खाली मान घालून दुमड पुरी केली, कारण काम अर्धवट टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोरा दातांनी तोडला आणि पिशवी उचलली.

"दगडाला पाझर फुटेल, पण तुम्हाला नाही. फार सोसलं मी. पुढच्या गुरुवारी येणार नाही."

"दार ओढून घ्या," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई चर्चच्या कचेरीत गेल्या. पाळक इस्पितळात कुणाला तरी भेटायला गेले होते. पाळकीणबाईंनी खुर्ची दिली, "येतीलच इतक्यात," म्हणाल्या आणि दुधाकडे धावल्या.

टेबलावर घरभेटींची वही होती. दर शुक्रवारी सकाळी पाळक ती काखोटीला मारून बाबांकडे जात; म्हातारा तीत तक्रारी लिहवून घेत असणार, अशी बाईंची खात्री होती. भेटीचं मी लिहीत जाऊ का, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. "राहू द्या, त्याची सोय आहे," पाळक म्हणाले होते.

ते येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. आपणच आपलं नाव खोडावं आणि निघावं, म्हणून बाईंनी वही उघडली. 'भेट देणारे' या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी पान उलटलं, मागचं पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. पाच महिन्यांत कुठेच नव्हतं.

होतं ते शेजारच्या रकान्यात, 'ज्यांना भेटीची गरज आहे' या मथळ्याखाली: 'शिवणबाई. भेट देणारे: बाबा. त्यांना चालवत नाही, म्हणून बाईंनाच तिकडे पाठवावं.'

कालच्या तारखेपुढे, भिंगाशिवाय जेमतेम वाचता यावं इतक्या बारीक, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'मंगळवारचं या खेपेला शेवटपर्यंत सांगितलं. रडल्या. मला काय बोलावं सुचेना, टाका तिरका पडलाय म्हणालो. रागावून गेल्या. पडदा पाचव्यांदा उसवून ठेवतो आहे. प्रभू, त्यांना येऊ दे.'