पुढची सीट

सातची एसटी गावात पहिल्यांदा आली, तेव्हा तिला हार मीच घातला, नारळही मीच फोडला. तीनशे सह्या गोळा करायला वर्ष गेलं होतं.

दोन महिन्यांनी आगारप्रमुखांनी आकडे दाखवले. "गुरुजी, तुमच्या गावातून रोज एकच तिकीट फाटतंय. फेरी बंद करतोय."

मी मान खाली घातली. वडापची खासगी जीप दारातून नेते, म्हणून मीही तिनंच जात होतो.

ते एक तिकीट नर्सिंग शिकणाऱ्या, तांबटांच्या केतकीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नवा अर्ज घेऊन माझ्या घरी आली. "गुरुजी, पहिली सही तुमचीच. एसटीसाठी तुम्हीच झटलात."

मी पेन उघडलं. दारात हॉर्न वाजला.

"गुरुजी, या लवकर! पुढची सीट रोजच्यासारखी धरून ठेवलीय."