जुळणी नाही

पडद्यावरचं चक्र अजून फिरतच होतं. वसमतच्या मंगल कार्यालयात वधू-वर मेळाव्याला जमलेले झाडून सारे आईबाप त्या चक्राकडे टक लावून बसले होते, आणि लॅपटॉपपुढच्या आकांक्षाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. प्रोग्राम तिचाच. एका तक्त्यात मुलं, दुसऱ्यात मुली. कोणाला कुठल्या तालुक्यातलं, किती शिकलेलं स्थळ हवं ते ताडून बघायचं आणि सगळ्या जोड्या एका दमात पडद्यावर आणायच्या. घरी करून पाहिलं तेव्हा चुटकीसरशी झालं होतं. इथे चहा होऊन गेला, भजी संपली, तरी चक्र आपलं गरगर गरगर.

"बाई, मशीन पेंगलं काय?" संयोजक कोंडीबाकाका पुन्हा येऊन विचारून गेले.

तिची खरी धास्ती निराळीच होती. पडद्याची वायर सांभाळत मंचाच्या पायरीशी उभा असलेला सुरज आणि ती, यांचं गेल्या उन्हाळ्यापासून जमलं होतं. पण सुरजच्या आईने, कुरुंद्याच्या जनकाबाईंनी, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत जाहीर करून टाकलं होतं की सून करीन तर मशीनने सांगितलेलीच. थोरल्या लेकीच्या वेळी मध्यस्थाने नोकरदार म्हणून दाखवलेला जावई बिनकामाचा निघाला होता. "मध्यस्थाला चहा पाजला की कोणाचंबी पोरगं साहेब व्हतं. मशीन चहा पीत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. म्हणून सुरजने आपल्या अपेक्षाच अशा बेताने भरल्या होत्या, की साऱ्या जिल्ह्यात त्यात एकच मुलगी बसावी. वसमतची, संगणक शिकलेली, चष्मा असला तरी हरकत नाही. यात लबाडी काडीची नव्हती. नेम तेवढा धरलेला होता.

आणि आता त्याच जनकाबाई खुर्ची ओढून आकांक्षाला खेटून बसल्या होत्या. कुरुंद्याची एसटी गेली, त्या उठल्या नाहीत. दुसरीही गेली. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि एक धपाटा आकांक्षाच्या हातावर ठेवला.

"खाय. सकाळपसून पोटात काई न्हाई तुझ्या. अन् हे काहून एवढा येळ लावून राहिलं?"

घास चावता चावता आकांक्षा सांगू लागली. "मावशी, समजा दाराबाहेर सगळ्या उजव्या चपलांचा एक ढीग हाय अन् डाव्यांचा दुसरा. एक उजवी उचलायची, अन् तिच्या जोडीसाठी डाव्यांचा अख्खा ढीग उपसायचा. मग दुसरी उजवी, की पुन्हा अख्खा ढीग. तसं करून राहिलं ते."

"अगं माय! मंग तर उद्या सकाळ व्हईल."

"म्हणून तर डाव्या आधीच नंबरवार लावून ठेवायच्या असतात. उजवीचा नंबर पाहायचा अन् नेमक्या त्याच खणात हात घालायचा. त्याला इंडेक्स म्हणतात. तो तर मी..."

घास तोंडातच राहिला. काल तिने सगळं घरच्या कॉम्प्युटरवरून या लॅपटॉपवर आणलं होतं. तक्ते आले होते, नावं आली होती, फोटोसुद्धा आले होते. इंडेक्स मात्र तिकडेच राहिला होता. वऱ्हाड निघालं आणि नवरदेव घरीच!

तिने चक्र थांबवलं. तालुका आणि शिक्षण, या दोन रकान्यांवर भराभर इंडेक्स बांधला आणि पुन्हा बटण दाबलं.

बोट उचलायच्या आत पडदा नावांनी भरून गेला. कार्यालयात एकच गलका उडाला. डोंगरकड्याच्या धम्मानंदपुढे कळमनुरीच्या शितलचं नाव झळकलं, तसे धम्मानंदचे वडील उठले आणि समोर सापडलेल्या कोंडीबाकाकांनाच मिठी मारून गरगर फिरवू लागले. कोणी शिट्ट्या मारल्या, होऊ घातलेल्या विहिणी तिथल्या तिथे फुगडीला उभ्या राहिल्या. आकांक्षाला वाटलं, आपणही टेबलावर चढावं आणि नाचावं. नावं सरकत होती. सरकता सरकता सुरजचं नाव आलं.

त्याच्यापुढे लिहिलं होतं, जुळणी नाही.

सुरजच्या हातून वायर सुटता सुटता राहिली. आकांक्षाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इंडेक्स बरोबर होता. अटी बरोबर होत्या. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. महिनाभर खपून तिने साऱ्या जिल्ह्यातल्या मुली त्या तक्त्यात भरल्या होत्या, आणि स्वतःला भरायचंच विसरली होती.

बोटं आपोआप कीबोर्डकडे धावली. जनकाबाईंनी मनगट वरच्यावर धरलं.

"राहू दे आता."

"मावशी, एकच मिनिट, माझं..."

"चष्मा असला तरी हरकत न्हाई, असं कोणतं पोरगं आपणहून लिहितं गं? घरी बसून भरत व्हता, तवाच वळखलं म्या. तवापसून त्या चष्मेवालीला धुंडून राहिले. इथं आले तर ही समोरच बसलेली."

आकांक्षाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही एकदमच केलं. "पण मशीन सांगंल तीच सून, असं म्हणलं व्हतं ना तुमी?"

"मशीनला काय कळतं!" जनकाबाईंनी उरलेला धपाटा तिच्या तोंडात कोंबला. "अन् म्या दोन एसट्या सोडल्या, त्या काय तुझं चक्कर पाहायला?"