पडद्याआडची खोली

संग्रहालयासाठी मी आणि बायको प्राचीन हिब्रू मंदिराची छोटी लाकडी प्रतिकृती करत होतो. ते मंदिर उभं राहताना तिथे हातोडीचा आवाज झाला नव्हता, असं त्यांच्या धर्मग्रंथात आहे. दगड खाणीतच घडवून आणले होते. म्हणून बायको प्रत्येक तुकडा अंगणात ठोकून आत आणायची. मला त्या फेऱ्यांचा कंटाळा आला.

प्रतिकृतीतल्या सगळ्यात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीची चौकट मी घरात टेबलावरच ठोकली.

आवाज आला नाही.

पुन्हा ठोकली, तरी नाही. पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरचे हॉर्नही.

"अहो, इथे ठोकू नका म्हटलं होतं ना?" हातोडी बघून बायको दारातूनच म्हणाली.

"आवाज कुठे झाला?" मी म्हणालो. भीती वगैरे काही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

ती टेबलाजवळ आली. खोलीपुढचा काडेपेटीएवढा पडदा तिनेच शिवला होता. तो तिने सारखा केला आणि खिडकीतून येणाऱ्या भर उन्हात उभी राहून बोलू लागली. तिचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

मी सवयीने "हं" म्हणालो.

तेव्हा पडद्यामागून तिचा आवाज आला.

"अहो, दिवा लावा ना. काहीच दिसत नाहीये."