टिपूचं स्वप्न

दुपारची जेवणं झाली की दिनकरराव टिपूची काचेची डबी स्वप्नपडद्याला जोडत. टिपू म्हणजे त्यांनी पाळलेला उड्या मारणारा कोळी. तो झोपला की त्याची स्वप्नं पडद्यावर उमटत. आजही दिनकररावच दिसले. चिमट्यात माशी धरून लाडीगोडी लावत होते, मधेच खळखळून हसत होते.

त्यांच्या पत्नी कुमुदताई खरकटी ताटं हातात घेऊन बघत राहिल्या. हे हसू त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"एवढं काय आहे त्या किड्यात?"

दिनकररावांनी ऐकलंच नाही. ते पडद्याजवळ वाकले. "माझ्यामागे दारात एक बाई दिसते बघ, अंधुकशी. रोज असते. कोण असेल गं?"

"मीच," कुमुदताई म्हणाल्या. "त्याला तरी दिसते."