अर्धा शब्द

हेमलताबाईंनी टेबल मुद्दाम भिंतीला सरकवलं आणि दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. शाळेतली नोकरी सोडून समुपदेशक झाल्यावरचा हा पहिलाच दिवस.

समोर कुमुदताई बसल्या होत्या. मागच्याच महिन्यात त्यांचे यजमान गेले होते. "घरी गेलं की मला..." म्हणून त्या अडल्या.

बाईंना राहवेना. वर्गात कुणी अडलं, की बाई अर्धा शब्द द्यायच्या आणि पोरं तो पुरा करायची. "एकटं वा...?"

"...टतं," कुमुदताई शहाण्या मुलीसारख्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागल्या.

बाईंनी जीभ चावली. "चुकलंच माझं. हे माझं उत्तर झालं. तुमचं सांगा, मी थांबते."

पंखा फिरत राहिला. ओठांवर आलेला पुढचा अर्धा शब्दही बाईंनी गिळला.

"हलकं वाटतं," कुमुदताई हळूच म्हणाल्या आणि स्वतःच दचकून हसल्या. "दार उघडताना आता हात कापत नाही."

हे उत्तर बाईंना सात जन्मांत सुचलं नसतं! आजवर त्यांनी उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारले होते.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग?"