ऑरिनला विचारून घ्या

चार नंबरच्या टेबलावर ऑरिन थिबोडोला स्वतःच्याच स्की दिसल्या.

निळ्या, त्याच्या उंचीएवढ्या लांब, एकीच्या टोकाशी खडकाचा ओरखडा असलेल्या. त्यांना पिवळी चिठ्ठी बांधली होती. किंमत एकशे चाळीस डॉलर. अक्षर बायकोचं, लॉरेनचं.

शाळेच्या व्यायामशाळेत दर नोव्हेंबरला भरणारा जुन्या स्की-सामानाचा बाजार नुकताच उघडला होता. लॉरेन दाराजवळ पैसे घ्यायला बसली होती आणि डोनट खात होती, जसं काही झालंच नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी ऑरिनच्या गुडघ्याचा फोटो उजेडापुढे धरून सांगितलं होतं, अजून एकदा पडलात तर कायमची काठी. "एवढा एक हिवाळा," ऑरिन म्हणाला होता. लॉरेन काहीच बोलली नव्हती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता चिठ्ठी काढून स्की गुपचूप गाडीत टाकाव्यात, तर टेबलावर आलेली वस्तू बाजार उठेपर्यंत पैसे भरल्याशिवाय दाराबाहेर जात नाही, हा नियम. आणि नियम करणारा ऑरिनच. स्वतःच विकत घ्याव्यात, तर पैसे घ्यायला लॉरेन. आपलेच दात, आपलेच ओठ.

राहता राहिला एकच उपाय. त्या कुणी घेऊच नयेत. आणि ते ऑरिनच्या हातात होतं. गेली तीस वर्षं "ऑरिनला विचारून घ्या" असं म्हणतच या गावानं स्की घेतल्या होत्या. तो कुणाला फसवत नाही, कुणाची भीडही ठेवत नाही. बायकोच्या सख्ख्या भावाचे बूट बघून तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "यात जिरेनियमची रोपं लाव, छान येतील." मेव्हण्याने दोन वर्षं अबोला धरला आणि तिसऱ्या वर्षी नवे बूट घ्यायला ऑरिनलाच सोबत नेलं.

पहिला आला तो कनेटिकटहून सुट्टीला आलेला एक गृहस्थ, नव्याकोऱ्या जाकिटातला.

"या कशा आहेत हो?"

"चांगल्या आहेत. पण तुम्हाला लांब होतील. पहिल्याच वळणाला त्या तुम्हाला नेतील, तुम्ही त्यांना नाही."

गृहस्थ पुढे सरकला. मग गुलाबी केसांची एक कॉलेजातली पोरगी आली.

"उड्यांच्या पार्कात चालतील का?"

"उड्या मारायला मागची टोकंही वर वळलेली लागतात, पोरी. यांची सपाट आहेत. हवेत फिरून उलटी उतरलीस की तोंडावर."

"तशाही माझ्या आजोबांच्या वाटतात," म्हणत ती गेली. ऑरिनला ते लागलं, पण परवडलं.

दोन्ही वेळा तो खोटं बोलला नव्हता. फक्त खरं नेहमीपेक्षा जरा जास्त मन लावून बोलला होता.

अकराच्या सुमारास विनिफ्रेड आली. गावच्या स्कीच्या डोंगरावर, टॅनरी हिलवर, पडलेल्या-मोडलेल्यांना खाली आणणाऱ्या पथकात ती यंदा नवीन. उंची ऑरिनएवढीच. तिने एक स्की उचलली, डोळ्यापुढे धरून तळ पाहिला आणि पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नखाचा बारीक कीस निघाला. धार शाबूत होती. या मुलीला कळत होतं.

"ऑरिन, तुम्ही सांगाल तर घेते. माझ्या आत्ताच्या स्की कडक बर्फावर टिकत नाहीत. मार्चमध्ये सरावाला माझ्या हातात घसरगाडी होती, गाडीत माणूस होता, आणि मी थेट झाडांपर्यंत घसरत गेले. या धरतील?"

"नाही धरत," एवढंच म्हणायचं होतं. तिने विश्वास ठेवला असता. दोन वाजता बाजार उठला असता. दाराजवळ लॉरेनने डोनट खाली ठेवला होता आणि ती इकडेच बघत होती.

ऑरिनने स्कीवरून एकदा हात फिरवला.

"धरतात," तो म्हणाला. "पाऊस पडून गोठलं की वरच्या उताराची काच होते ना, तिथेसुद्धा. फक्त ही ओरखडेवाली उजव्या पायात घाल. डाव्यात घातलीस तर वळण सैल पडतं. आणि बुटांच्या पकडी दुकानात नेऊन तुझ्या वजनाला बसवून घे. आत्ता त्या जड माणसाच्या आहेत."

विनिफ्रेडने ओरखड्यावर बोट ठेवलं. "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"नऊ हिवाळे बघतोय त्यांना."

तिने पैसे भरले. लॉरेनने कात्रीने चिठ्ठी कापली, आणि स्की खांद्यावर टाकून ती मुलगी दाराबाहेर पडली. ऑरिन येऊन लॉरेनशेजारच्या खुर्चीवर बसला. उरलेला अर्धा डोनट तिने त्याच्यापुढे सरकवला.

"पहिल्या दोघांना पिटाळलंस ते ऐकलं मी," ती म्हणाली.

"खरं तेच सांगितलं."

"हो. आणि तिसरीलाही." तिने पिवळी चिठ्ठी बोटाला गुंडाळली. "मला वाटलं होतं, या वेळी तरी खोटं बोलशील. बोलला असतास, तर त्यांच्यावर तुझा तेवढा जीव आहे असं धरून दोन वाजता मीच स्की गाडीत टाकून घरी आणल्या असत्या."

ऑरिनने डोनटचा तुकडा तोडला. त्याला वाईट वाटत होतं, आणि तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

तेवढ्यात खिडकीशी कुणीतरी ओरडलं. पहिला बर्फ पडायला लागला होता. लागोपाठ दोन हिवाळे बर्फापेक्षा पाऊसच जास्त सोसलेल्या त्या लोकांनी हातातलं सामान टाकून टाळ्या वाजवल्या.

ऑरिननेही वाजवल्या. बाहेर विनिफ्रेड गाडीच्या टपावर स्की बांधत होती. ओरखडेवाली उजवीकडे.